अनेक प्रतिध्वनी, एक उगम : आयनांबरातून परतणाऱ्या रडार-संकेतांच्या वर्गवारीचा इतिहास

१

सह्याद्रीवरून रामघाटाच्या बाजूने उतरणारी तिळारी नदी दोडामार्ग तालुक्यातून वाहत गोव्यात शिरते आणि तेथे शापोरा या नावाने समुद्रास मिळते. नकाशावरील नुसती नावे मोजणाऱ्यास येथे दोन नद्या आढळतील. पाण्याचा माग घेणाऱ्यास एकच आढळेल. दोडामार्ग हे सीमेवरचे ठाणे असल्यामुळे अशा प्रकारची द्विरुक्ती तेथे अनेक बाबतींत दिसते. १९६१ पर्यंत या सीमेपलीकडे पोर्तुगीज सत्ता होती. त्या काळात, २५ नोव्हेंबर १९५५ पासून, वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी गोवामुक्तीचा प्रचार करणारे एक गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. ते प्रथम आंबोलीच्या रानातून व पुढे कॅसल रॉकच्या परिसरातून चाले. आंबोली व दोडामार्ग ही दोन्ही स्थळे तेव्हा सावंतवाडी तालुक्यातच मोडत असत. या केंद्रावरून कोकणी व पोर्तुगीज अशा दोन भाषांत प्रक्षेपण होई. भाषेवरून केंद्रांची संख्या ठरवू पाहणाऱ्याने येथेही एकाची दोन केंद्रे केली असती.

एकाच उगमाची अनेक रूपे आपल्यापर्यंत पोहोचली, तर ती एकाचीच आहेत हे कशावरून ओळखावे, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास नवा नाही. परंतु हाच प्रश्न विसाव्या शतकात एका अगदी निराळ्या क्षेत्रात, म्हणजे आकाशातून परावर्तित होणाऱ्या रेडिओ तरंगांच्या अभ्यासात, उभा राहिला, आणि तेथे त्याच्या उत्तरावर विमानांची गणती व क्वचित युद्ध-शांतीचा निर्णयही अवलंबून राहिला. रडारने एक हाक घालावी आणि तिला तीन उत्तरे यावीत. ती तीन वस्तूंची की एकाच वस्तूची तीन, हा तो प्रश्न होय. त्याचा इतिहास थोडक्यात मांडून, त्यातून पुराव्याच्या परीक्षणासंबंधी काय निष्पन्न होते, ते पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनीने इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरून निघालेला बिनतारी संकेत अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंड येथे ऐकला. प्रकाशाप्रमाणे सरळ जाणारे तरंग पृथ्वीची वक्रता ओलांडून कसे गेले, याचा उलगडा तेव्हा होईना. १९०२ मध्ये अमेरिकेत केनेली व इंग्लंडमध्ये हेव्हिसाइड यांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, एकच उपपत्ती सुचविली : वातावरणाच्या उंच भागात विद्युत्-वाहक असा एक थर असून तो तरंगांना आरशाप्रमाणे खाली परतवितो. सूर्याच्या किरणांनी हवेचे कण विद्युत्-भारित होऊन बनणाऱ्या या प्रदेशास पुढे आयनांबर हे नाव मिळाले.

उपपत्तीस प्रत्यक्ष प्रमाण मिळण्यास वीस वर्षांहून अधिक काळ लागला. ११ डिसेंबर १९२४ च्या रात्री ॲपलटन व बार्नेट यांनी बोर्नमथच्या नभोवाणी केंद्रातून निघणाऱ्या तरंगांची लांबी सावकाश बदलवून ऑक्सफर्ड येथे त्यांचे ग्रहण केले. जमिनीलगत आलेला तरंग व आकाशातून परतलेला तरंग यांच्या संयोगाने संकेत क्रमाने बलवान व क्षीण होत गेला. त्या चढउतारांच्या संख्येवरून परावर्तक थराची उंची सुमारे ९० ते १०० किलोमीटर निघाली. पुढल्याच वर्षी अमेरिकेत ब्राइट व ट्यूव्ह यांनी याहूनही सरळ मार्ग काढला. त्यांनी अखंड तरंगांऐवजी क्षणार्धात संपणारे स्पंद पाठविले आणि प्रत्येक स्पंदामागून येणारे प्रतिध्वनी वेगळे नोंदविले. एका स्पंदास कधी एक, तर कधी अधिक उत्तरे येत. पुढे उभारलेल्या रडारचे मूलतत्त्व हेच होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. या प्रयोगांत उगम ज्ञात होता आणि आरसा अज्ञात होता. प्रक्षेपक कोठे आहे, त्याने स्पंद केव्हा सोडला, हे प्रयोगकर्त्यास ठाऊक असल्यामुळे, आलेले सर्व प्रतिध्वनी त्या एकाच स्पंदाचे आहेत हे गृहीत धरता येत होते. म्हणूनच त्यांच्यातील अंतरांवरून आयनांबराची रचना वाचता आली : खालचा ई थर, त्याहून वरचा एफ थर, दिवसा एफ थराचे होणारे दोन भाग. शिवाय पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे प्रत्येक तरंगाचे ‘साधारण’ व ‘असाधारण’ असे दोन घटक होऊन ते निरनिराळ्या उंचीवरून परततात, हेही उघड झाले. भारतात या संशोधनाचा पाया कलकत्त्यास शिशिरकुमार मित्र यांनी १९३० च्या सुमारास घातला, आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ऊर्ध्व वातावरणावरील ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला.

३

महाराष्ट्रात बहुपथी संकेतांचा व्यवहाराशी संबंध आला तो पुणे परिसरात. १९२७ मध्ये इंग्लंड व हिंदुस्थान यांच्या दरम्यान लघुतरंगांची ‘बीम’ बिनतारी सेवा सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्यानजीक खडकी येथे व ग्रहण केंद्र दौंड येथे होते. समुद्रतळाच्या तारेपेक्षा ही सेवा स्वस्त व शीघ्र होती. परंतु तीत तारेत नसलेला एक दोष होता. तारेतील संदेशास जाण्यास एकच वाट असते. आकाशातील संदेश मात्र अनेक वाटांनी येतो. एक तरंग आयनांबरावर दोनदा आपटून, दुसरा तीनदा आपटून, तिसरा निराळ्या थरावरून, असे ते एकामागून एक पोहोचतात. वाटांच्या लांबीतील तीनशे किलोमीटरांचा फरक म्हणजे एक सहस्रांश सेकंदाचा विलंब. हाताने पाठविलेल्या मंद संदेशात तो जाणवत नाही. यंत्राने वेगाने पाठविलेल्या संदेशात मात्र एका चिन्हाची शेपटी पुढच्या चिन्हावर पडते. चित्रे पाठविताना तर एका रेषेच्या दोन-तीन रेषा उमटत. मार्कोनी कंपनीतील एकर्सली या संशोधकाने अशा द्विगुणित रेषांचाच उपयोग करून निरनिराळ्या वाटांचे विलंब मोजले. याच सुमारास संपूर्ण पृथ्वीस प्रदक्षिणा घालून सुमारे एक सप्तमांश सेकंदाने परतणारे प्रतिध्वनीही जर्मनीत नोंदविले गेले.

या उपद्रवावर जे उपाय निघाले त्यांचा क्रम बोधप्रद आहे. प्रथम उपाय निवडीचा. १९३७ मध्ये अमेरिकेत फ्रीस व फेल्डमन यांनी आकाशातील विशिष्ट कोनातून येणारा तरंग वेगळा काढू शकणारी एक लांबलचक आकाशतारांची रांग उभारली. वाटांचे कोन भिन्न असल्याने त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या. दुसरा उपाय संकलनाचा. १९५८ मध्ये प्राइस व ग्रीन यांनी, विखुरलेले प्रतिध्वनी टाकून न देता प्रत्येकास त्याच्या विलंबाइतके मागेपुढे सरकवून एकत्र जोडणारी पद्धती प्रसिद्ध केली. शेतात विखुरलेला पालापाचोळा एका ओढीत गोळा करणाऱ्या दंताळ्याचेच नाव त्यांनी तिला दिले. तीस वर्षांपूर्वी जो दोष मानला जात होता तो आता बळ ठरला. कारण एक वाट क्षीण झाली तरी दुसरी बहुधा शाबूत असते.

ज्या काळात खडकी-दौंडची सेवा सुरू झाली, त्याच काळात, तेथून थोड्याच अंतरावर, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात याच प्रश्नाचे वाङ्मयीन रूप हाताळले जात होते. १९२५ मध्ये महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची सूत्रे विष्णु सीताराम सुखठणकर यांच्या हाती आली. त्यांचे शिक्षण प्रथम केंब्रिज येथे गणिताचे व मग बर्लिन येथे भाषाशास्त्राचे झाले होते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून, निरनिराळ्या लिप्यांत आलेली हस्तलिखिते म्हणजे एका संहितेचे बहुपथी प्रतिध्वनीच होत. १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सुखठणकरांनी त्यांची शाखावार मांडणी केली. परस्परांशी संबंध नसलेल्या शाखांचे जेथे मतैक्य होते तेथील पाठास अधिक प्रामाण्य, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र होते. एका मूळ प्रतीवरून उतरविलेल्या दहा प्रती म्हणजे दहा साक्षी नव्हेत. ती एकच साक्ष. ही आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली.

दोन क्षेत्रांतील साम्य केवळ आलंकारिक नाही. दोन्हीकडे प्रथम वाटांचा अभ्यास करावा लागतो, आणि वाट कळल्यावाचून साक्षीचे मोल ठरत नाही.

४

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. साधे रडार सरळ रेषेत पाहते. क्षितिजाखालील विमान त्यास दिसत नाही. परंतु तरंग आयनांबरावर आपटवून तिरका खाली पाठविला, तर एका उडीत सुमारे एक हजार ते तीन हजार किलोमीटर दूरचा प्रदेश न्याहाळता येतो. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने चेसापीक उपसागराकाठी उभारलेल्या ‘माद्रे’ नावाच्या यंत्राने १९६१ च्या सुमारास हे शक्य असल्याचे दाखविले. परत आलेले क्षीण प्रतिध्वनी चुंबकीय पिंपावर साठवून ते पुनःपुन्हा तपासण्याची त्यात सोय होती. पुढे सोव्हिएत संघाने चेर्नोबिलजवळ असेच प्रचंड यंत्र उभारले. १९७६ पासून त्याची सेकंदास दहा टोले अशी ठकठक जगभरच्या श्रोत्यांना त्रास देऊ लागली, व तिला ‘सुतारपक्षी’ हे नाव पडले. ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्ज येथे सुरू झालेल्या जिंदाली प्रकल्पातून उत्तरेकडील समुद्रावर पाळत ठेवणारी रडारमालिका २००३ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली.

या रडारांत उगम अज्ञात आहे. १९२४ मध्ये उगमावरून आरसा शोधावयाचा होता; आता आरशावरून उगम शोधावयाचा आहे. अडचण किती आहे ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, दोडामार्ग येथे असे रडार आहे आणि अरबी समुद्रावर १५०० किलोमीटर अंतरावर एक विमान आहे. ई थर ११० किलोमीटर व एफ थर ३०० किलोमीटर उंचीवर मानू, आणि हिशोब सोपा व्हावा म्हणून पृथ्वी सपाट धरू. ई थरावरून जाणारी वाट सुमारे १५१६ किलोमीटर भरते व एफ थरावरून जाणारी सुमारे १६१६. परंतु ज्या वाटेने स्पंद गेला त्याच वाटेने तो परतला पाहिजे असे नाही. ई थरावरून जाऊन ई थरावरून परतलेला, एका थरावरून जाऊन दुसऱ्यावरून परतलेला, व एफ थरावरून जाऊन एफ थरावरूनच परतलेला, असे तीन निरनिराळे विलंब संभवतात. रडारच्या पडद्यावर एकच विमान १५१६, १५६६ व १६१६ किलोमीटरांवर तीन ठिकाणी दिसते. यांपैकी एकही आकडा विमानाचे जमिनीवरील खरे अंतर नव्हे. दोन शेजाऱ्यांच्या विलंबांतील फरक एक सहस्रांश सेकंदाच्या एक तृतीयांश इतकाच.

ही तीन उत्तरे एका गटात घालण्यास कोणत्या खुणा उपयोगी पडतात? पहिली खूण सहगमनाची : तिन्ही ठिपके बरोबर सरकतात व त्यांच्यातील अंतर फारसे बदलत नाही. दुसरी वेगाची : विमानाच्या गतीमुळे तरंगाच्या कंपनसंख्येत होणारा फरक तिन्ही वाटांवर जवळजवळ सारखा असतो, तंतोतंत नव्हे, कारण वाटांचे कोन भिन्न असतात. तिसरी व सर्वांत महत्त्वाची खूण आरशाची : त्या वेळी दोन थरांची उंची काय आहे हे स्वतंत्र साधनाने मोजले असेल, तर ठिपक्यांमधील अंतरे किती असावीत हे आधीच सांगता येते. सांगितलेली अंतरे व दिसलेली अंतरे जुळली, तर ते ठिपके एकाच वस्तूचे असण्याचा संभव पुष्कळच वाढतो, आणि मग तिन्हींवरून खरे अंतर एकट्यापेक्षा अधिक अचूक काढता येते. यासाठीच अशा रडाराबरोबर आयनांबर मोजणारी यंत्रे अविरत चालवावी लागतात.

आरंभीची रीत अशी होती की, प्रत्येक ठिपक्याचा मार्ग प्रथम स्वतंत्रपणे आखावा आणि नंतर मार्गांची जुळणी करावी. तीत एक दोष राहतो : अंधुक ठिपक्याचा मार्ग मुळात आखलाच जात नाही, आणि जुळणीच्या वेळी ती साक्ष गमावलेली असते. १९९८ मध्ये पुलफर्ड व एव्हान्स यांनी मांडलेल्या पद्धतीत ही दोन कामे एकत्र केली गेली. कोणता ठिपका कोणत्या वाटेने आला असेल याचे सर्व संभाव्य जोड विचारात घेऊन प्रत्येकास त्याच्या संभवाप्रमाणे वजन द्यावयाचे, आणि नवी साक्ष येईल तसतशी ती वजने बदलावयाची. निर्णय घाईने करावयाचा नाही. संशय शिल्लक ठेवावयाचा, पण तो मोजून ठेवावयाचा. या पद्धतीचा विशेष मला येथेच दिसतो.

५

वर्गवारीतील चूक दोन दिशांनी होऊ शकते. एकाची तीन मोजली, तर नसलेले सैन्य दिसू लागते. तिघांना एक मानले, तर असलेले सैन्य लपते. भाषेतही हेच दोन धोके आहेत. मराठीतील ‘सण’ व ‘क्षण’, ‘शेत’ व ‘क्षेत्र’, ‘राय’, ‘राव’ व ‘राजा’ हे शब्द वरकरणी निराळे. परंतु प्रत्येक गटाचा उगम एक आहे. एक रूप प्राकृतातून, लोकांच्या जिभेवरून झिजत आले, दुसरे पंडितांच्या लेखणीतून थेट उतरले. वाट निराळी म्हणून रूप निराळे. उलट, झाडाचे ‘पान’ व पिण्याच्या अर्थाचे ‘पान’ एकरूप दिसतात. पण पहिले ‘पर्ण’ शब्दापासून झालेले व दुसरे संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले. येथे ऐक्य मानणे ही चूक. केवळ साम्य अथवा केवळ भेद पाहून निर्णय देता येत नाही. ध्वनिपरिवर्तनाचे नियम, म्हणजे आरशाचे गुणधर्म, माहीत असावे लागतात.

अशा चुकीची किंमत किती मोठी असू शकते हे ५ ऑक्टोबर १९६० रोजी दिसून आले. ग्रीनलंडमधील थुले येथे क्षेपणास्त्रांचा इशारा देणारे नवे रडार नुकतेच सुरू झाले होते. त्या दिवशी त्याने मोठ्या हल्ल्याची सूचना दिली. वस्तुतः क्षितिजावर चंद्र उगवत होता. रडारचे तरंग चंद्रावर आपटून सुमारे अडीच सेकंदांनी परत येत होते. एवढ्या दीर्घ विलंबाची कल्पना यंत्रास दिलेली नसल्यामुळे ते उत्तर नंतर सुटलेल्या स्पंदाचे मानले गेले व वस्तू जवळ भासली. हे तरंग आयनांबर भेदून जाणारे होते, तरी चूक त्याच जातीची : उत्तर खरे होते, पण ते भलत्याच प्रश्नास जोडले गेले. त्या वेळी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह न्यूयॉर्कमध्ये होते, हल्ला असंभाव्य होता, ही रडारबाहेरची माहिती निर्णय करणाऱ्यांच्या उपयोगी पडली. स्वतंत्र साक्षीचे महत्त्व याहून स्पष्ट काय असणार?

६

दोडामार्गच्या आकाशापुरते पाहिल्यास प्रश्न अधिकच बिकट होतो. हे स्थान सुमारे १५.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. दक्षिणेकडे थुंबा परिसरावरून चुंबकीय विषुववृत्त जाते. याच कारणाने १९६३ मध्ये तेथून भारताचे पहिले अग्निबाण सोडण्यात आले. विषुववृत्तावर वर उचलले गेलेले विद्युत्-भारित कण चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंस घसरतात व काही अंश दूर त्यांची दाट रास साचते. कोकणपट्टी या दोहोंच्या मध्ये येते. त्यातच सूर्यास्तानंतर एफ थराच्या तळाशी कमी घनतेचे बुडबुडे निर्माण होऊन वर चढतात. आरसा जणू उकळू लागतो. एका थरावरून एक उत्तर येण्याऐवजी अनेक पसरट, अस्पष्ट उत्तरे येतात. ज्या आरशाच्या भरवशावर गट पाडावयाचे तोच अस्थिर होतो.

म्हणून या भागातील मोजमापांना विशेष मोल आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकात सुरू झालेली चुंबकीय निरीक्षणे, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून, १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आली व तेथे ती परंपरा पुढे चालली. दोडामार्गच्या उत्तरेस घाटमाथ्यावर, कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठाच्या आवारात, भारतीय भूचुंबकत्व संस्थेने १९९९ मध्ये १.९८ मेगाहर्ट्झवर चालणारे रडार उभारले. ते सुमारे ८० ते १०० किलोमीटर उंचीवरील अंशतः परावर्तित होणारे प्रतिध्वनी तीन निरनिराळ्या ठिकाणच्या आकाशतारांवर घेई, आणि एकच चढउतार तिन्हींवर किती विलंबाने दिसतो यावरून त्या उंचीवरील वारा मोजी. येथेही प्रथम ओळख पटवावी लागते : या तारेवरचा चढउतार तोच, जो त्या तारेवर क्षणापूर्वी दिसला. ती ओळख चुकली तर वारा उलट दिशेस वाहू लागतो.

या सर्व विवेचनावरून इतिहासाच्या अभ्यासकास एक व्यवहारी सूचना मिळते. दोडामार्गसारख्या सीमाप्रदेशाचा इतिहास आपल्याकडे पोर्तुगीज दप्तरांतून, मराठी कागदपत्रांतून व लोकांच्या तोंडून, असा निरनिराळ्या वाटांनी येतो. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आपल्या ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ या १९६७ च्या ग्रंथात गोव्याच्या दप्तरांतील साधनांचा जो उपयोग केला, त्यामुळे परस्परविरोधी पक्षांच्या साक्षी शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याची सोय झाली. अशा साक्षी हाताळताना त्यांची केवळ संख्या मोजणे अपुरे आहे. एका बातमीच्या तीन नकला तीन पुरावे ठरत नाहीत, आणि दोन नोंदींत नावे, तारखा वा भाषा भिन्न आहेत एवढ्यावरून घटना दोन ठरत नाहीत. प्रत्येक साक्ष कोणत्या वाटेने आली, वाटेत ती कोठे वाकली, किती उशिराने पोहोचली, याचा शोध प्रथम घ्यावा; जुळणी मागाहून करावी; आणि जेथे जुळणी निश्चित होत नाही तेथे दोन्ही शक्यता नोंदवून ठेवाव्यात.

दौंडच्या केंद्रावरील तंत्रज्ञास जो प्रतिध्वनी उपद्रव वाटत होता, तोच पुढे आयनांबराची मोजपट्टी झाला, व त्यानंतर क्षितिजापलीकडे पाहण्याचे साधन ठरला. पाठभेद व स्थानिक शब्दरूपे यांच्याकडेही ती एकसारखी करून टाकावयाची अडगळ म्हणून न पाहता, त्यांच्यातील अंतरे जपून नोंदवावीत. कारण मुळाकडे जाण्यास अभ्यासकाजवळ त्या अंतरांवाचून दुसरे साधन बहुधा नसते.